तीनशेचा प्लॅन आणि रात्रभर चालणारे डाउनलोड: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण चित्रफितींचे संपादन करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि मोजणीचे आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोळाबेरीज केले आहेत. त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मात्र तसेच ठेवले आहे, कारण साऱ्या निदानाचा आधार ते प्रमाणच होते.

संस्थेच्या कामाची पद्धत सरळ आहे. ग्राहक चित्रीकरणाच्या कच्च्या फायली आपल्या सर्व्हरवर ठेवतो, संपादक त्या डाउनलोड करून घेतात, संपादन करतात आणि तयार झालेली फाइल परत अपलोड करतात. सर्वांत मोठ्या ग्राहकाचा सर्व्हर दुसऱ्या खंडात आहे. एका दिवसाच्या चित्रीकरणाची फाइल साधारण ४० गीगाबाइटची असते आणि तिच्या जोडीला कधीकधी काही हजार स्थिरचित्रांचा एक फोल्डर येतो. संस्थेकडे फायबरची जोडणी होती: डाउनलोडसाठी ३०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) आणि अपलोडसाठी ३० एमबीपीएस. राउटर प्रवेशद्वाराजवळ, संपादनाची खोली दुसऱ्या टोकाला, आणि या दोहोंमध्ये छताच्या पोकळीतून गेलेली एक केबल. त्या केबलच्या टोकाला स्विच, म्हणजे एका केबलवरून अनेक संगणकांना जोडणी देणारी पेटी, आणि स्विचला दोन वर्कस्टेशन जोडलेली होती. बाकीचे सगळे लॅपटॉप वाय-फायवर चालत.

तक्रार

तक्रार तीन पदरी होती, पण ती एकाच वाक्यात सांगितली जात असे: नेट फार हळू आहे. ४० गीगाबाइटची फाइल उतरायला चार तासांहून अधिक वेळ लागे, आणि डाउनलोडच्या चौकटीत वेग २.६ मेगाबाइट प्रति सेकंदाच्या आसपास दिसे. दुपारनंतर तो आणखी घसरून साडेसहाशे किलोबाइटवर येई. त्याच सुमारास व्हिडिओ कॉलवरचे आवाजही तुटायला लागत. स्थिरचित्रांचा फोल्डर एकूण आकाराने किरकोळ असूनही जवळजवळ दोन तास घेत असे, आणि याचा उलगडा कोणालाच होत नव्हता.

संचालिकांनी यावर एक गीगाबिटचा प्लॅन घेण्याचे जवळजवळ ठरवले होते. तांत्रिक सहायकाने आग्रह धरला, की अर्ज पाठवण्याआधी एकदा मोजून पाहावे. या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा हाच. त्याच्या हातात तोवर एकच पुरावा होता आणि तोही गोंधळात टाकणारा: वर्कस्टेशनवर केलेली स्पीड टेस्ट दर वेळी ९४ दाखवत असे. सगळ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला होता, की सेवापुरवठादार तीनशे सांगून शंभरसुद्धा देत नाही.

एककांचा हिशेब

मोजणीला हात घालण्याआधी एक गैरसमज दूर करणे भाग होते. प्लॅनवरचा आकडा बिटमध्ये असतो आणि डाउनलोडच्या चौकटीतला आकडा बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ३०० मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे फार तर ३७.५ मेगाबाइट प्रति सेकंद. माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत पाठवली जाते; त्यातून प्रत्येक पॅकेटवर लागणाऱ्या पत्त्यांचा आणि इतर शीर्षकांचा साधारण पाच-सहा टक्के भाग वजा जातो आणि हाती ३५ मेगाबाइट उरतात. काही संगणकप्रणाली मेगाबाइट १०,००,००० बाइटचा न धरता १०,४८,५७६ बाइटचा धरतात, त्यामुळे पडद्यावर आकडा आणखी थोडा खाली, ३३ ते ३४ असा दिसतो. या दोन मोजमापांतला घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये ‘मेबिबाइट’ हे वेगळे नाव प्रमाणित झाले, पण रोजच्या वापरात ते रुजले नाही.

संस्थेतल्या काहींच्या मनात ४० गीगाबाइट भागिले ३०० असा हिशेब होता आणि त्यानुसार फाइल सव्वादोन मिनिटांत उतरायला हवी होती. वास्तवात, सगळे सुरळीत असतानाही, १९ मिनिटे लागणारच. हे समजल्यावर अपेक्षा जमिनीवर आली खरी, पण तक्रार काही निकालात निघाली नाही, कारण १९ मिनिटे आणि सव्वाचार तास यांतले अंतर आठाने भागून मिटणारे नव्हते. एकक समजावून सांगितले, की प्रश्न संपला असे मानणारे तंत्रज्ञ पुष्कळ भेटतात. इथे तसे केले असते, तर संचालिकांचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला असता आणि तो थांबवण्याला काही आधारही उरला नसता.

पहिली मोजणी: ९४ कुठून आले

९४ हा आकडा ओळखीचा आहे. इथरनेटवर, म्हणजे केबलच्या जाळ्यावर, एका पॅकेटमध्ये सामान्यतः १,५०० बाइट मावतात. त्यांतले ४० बाइट आयपी आणि टीसीपी या, इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या नियमावलींच्या शीर्षकांत जातात, बहुतेक संगणक वेळेची नोंद म्हणून आणखी १२ बाइट खर्च करतात, आणि तारेवर प्रत्येक पॅकेटच्या मागेपुढे ३८ बाइट लागतात. म्हणजे १,५३८ बाइट वाहून नेल्यावर कामाचे १,४४८ पदरात पडतात, आणि हे प्रमाण ९४ टक्के होते. स्पीड टेस्ट दर वेळी नेमके ९४ दाखवत असेल, कधी ८० नाही, कधी १२० नाही, तर बाहेरच्या जोडणीवर संशय घेण्याआधी वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे का, ते पाहावे. गर्दीमुळे घटलेला वेग इतका शिस्तीत घटत नाही.

राउटरला थेट लॅपटॉप जोडला तेव्हा टेस्ट २८५ वर गेली. मग स्विच पाहिला. छतातून आलेल्या केबलच्या खाचेवरचा दिवा पिवळा होता, तर वर्कस्टेशनच्या खाचांवरचे हिरवे. त्या स्विचवर पिवळा म्हणजे शंभर आणि हिरवा म्हणजे हजार. दिवा कित्येक महिने तसाच पिवळा असावा, पण पडद्याऐवजी स्विचकडे पाहण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. गीगाबिट इथरनेटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एका जोडीतली तार तुटली किंवा टोकाला नीट बसली नाही, की दोन्ही बाजूंची यंत्रे कुरकुर न करता खालच्या वेगावर उतरतात. जोडणी चालू राहते, इंटरनेट चालू राहते, आणि कुठेही चूक म्हणून दाखवले जात नाही. इथे भिंतीतल्या पेटीपाशी एक तपकिरी तार खाचेत पूर्ण बसलेली नव्हती. टोक कापून नवे बसवले, दिवा हिरवा झाला, आणि वर्कस्टेशनवरची टेस्टही २८५ दाखवू लागली.

खोलीत समाधान पसरले. लगेच ग्राहकाच्या सर्व्हरवरून फाइल लावली गेली, आणि चौकटीत पुन्हा २.६ मेगाबाइट.

केबल सुधारल्यानंतरचा प्रश्न

दुसरा निर्णायक टप्पा इथे आला. खरा दोष सापडला होता, दुरुस्तही झाला होता, पण तो तक्रारीचे कारण नव्हता. विचार केला तर हे आधीच दिसण्यासारखे होते: १०० एमबीपीएसच्या दुव्यावरूनही ११ मेगाबाइटपेक्षा जास्त वेग मिळायला हवा होता, मिळत होता २.६. केबल हा पुढे अडवणारा अडथळा होता. त्याच्या किती तरी आधी दुसरे काहीतरी अडवत होते.

ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंतचा ये-जा वेळ पिंगने, म्हणजे एक छोटा संदेश पाठवून त्याचे उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहून, मोजला, तो २०० मिलिसेकंद भरला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला १० मिलिसेकंद. खंडापलीकडे जाऊन येण्याचा मोठा वाटा या अंतराचाच असतो. त्यात केबलमार्गांची वळणे आणि वाटेतली यंत्रे यांची भर पडते. कोणताही महागडा प्लॅन हा वेळ कमी करत नाही.

हा वेळ वेगाच्या आड कसा येतो, हे समजण्यासाठी टीसीपीची रीत पाहावी लागते. पाठवणारा संगणक सगळी फाइल एका दमात ढकलून देत नाही. काही माहिती पाठवतो, समोरून पोच येण्याची वाट पाहतो, पोच आली की पुढची पाठवतो. पोच येण्याआधी जास्तीत जास्त किती माहिती वाटेत असू शकते, त्या मर्यादेला विंडो म्हणतात. म्हणून अशा एका जोडणीचा, म्हणजे दोन संगणकांमधल्या एका संवादाचा, वेग विंडो भागिले ये-जा वेळ याहून जास्त होऊच शकत नाही, मग मधली वाट कितीही रुंद असो. मूळ टीसीपीत ही विंडो ६५,५३५ बाइटपर्यंतच जाई. २०० मिलिसेकंदांच्या अंतरावर तिने सेकंदाला जेमतेम ३२८ किलोबाइट मिळाले असते. १९९२ मध्ये विंडो मोठी करण्याची सोय ठरवली गेली आणि आजचे संगणक ती आपोआप वापरतात. ही वाट पाहण्याची शिस्त अनाठायी नाही, हेही नोंदवायला हवे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या, एकमेकांपासून अवघ्या ४०० यार्डांवर असलेल्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ किलोबिटवरून ४० बिट प्रति सेकंदावर कोसळला होता. त्यानंतर संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये गर्दी पाहून हात आखडता घेण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांच्यामुळे आजचे इंटरनेट तग धरून आहे.

संस्थेच्या जोडणीला भरून वाहण्यासाठी किती माहिती वाटेत असायला हवी होती? ३०० मेगाबिट गुणिले ०.२ सेकंद, म्हणजे ६० मेगाबिट, म्हणजे साडेसात मेगाबाइट. प्रत्यक्षात होती किती? २.६ मेगाबाइट गुणिले ०.२, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. संगणकाच्या मोजणीत अर्धा मेगाबाइट म्हणजे पाचशे बारा किलोबाइट, आणि हा आकडा निसर्गात आपसूक सापडत नाही. तो कुणीतरी कुठल्यातरी सेटिंगमध्ये लिहिलेला असतो.

तरीही अंदाजावर थांबणे बरोबर नव्हते, कारण इतक्या लांबच्या वाटेवर पॅकेट हरवल्यामुळेही वेग असाच मार खातो. दोन्हींत फरक करणाऱ्या दोन खुणा आहेत. पहिली खूण आलेखाची. पॅकेट हरवत असतील, तर वेग चढतो, दचकून खाली येतो, पुन्हा चढतो आणि आलेखाला करवतीसारखे दाते येतात. इथे रेष सपाट होती, तासन्‌तास २.६ वर टेकलेली. दुसरी खूण समांतर डाउनलोडची. एकाच वेळी दोन फायली लावल्या, तेव्हा दोन्ही २.६ ने चालल्या. चार लावल्या, तेव्हा चारही तशाच चालल्या आणि बेरीज १०.४ झाली. वाट भरलेली असती, तर एकीला मिळाले ते दुसरीचे कमी झाले असते. तसे झाले नाही, म्हणजे मर्यादा वाटेची नव्हती, प्रत्येक जोडणीची होती.

स्पीड टेस्टला हे कधीच का दिसले नाही, याचे उत्तरही यातच आहे. टेस्ट जवळच्या सर्व्हरशी होते आणि बहुतेक वेळा अनेक जोडण्या एकदम उघडून होते. आठ मिलिसेकंदांच्या अंतरावर अर्ध्या मेगाबाइटची विंडोसुद्धा सेकंदाला ६५ मेगाबाइट देऊ शकते. स्पीड टेस्ट खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

दुपारची घसरण

दुपारी वेग साडेसहाशे किलोबाइटवर का येतो, याबद्दल कार्यालयात एकमत होते: त्या वेळी सगळे लोक नेट वापरतात, म्हणून सेवापुरवठादाराकडे गर्दी होते. तसे होऊ शकते आणि अनेक ठिकाणी होतेही. पण सहायकाने दुपारी पिंग चालू ठेवले, तेव्हा ये-जा वेळ २०० वरून ८०० मिलिसेकंदांवर चढलेला दिसला, आणि तो नेमका तेव्हाच चढे, जेव्हा एखादा संपादक तयार फाइल अपलोड करायला लावी. अपलोड थांबवले, की दोन-तीन सेकंदांत पिंग पूर्ववत.

सेवापुरवठादाराने दिलेल्या राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची मोठी रांग साठत होती. ३० एमबीपीएसच्या अपलोडवर ६०० मिलिसेकंदांचा खोळंबा म्हणजे सव्वादोन मेगाबाइट पॅकेटे रांगेत उभी. डाउनलोडच्या पोचसुद्धा याच रांगेतून बाहेर जातात. त्या उशिरा पोचल्या, की ये-जा वेळ वाढतो; आणि अर्धा मेगाबाइट भागिले ०.८ सेकंद केले, की ६५५ किलोबाइट प्रति सेकंद हाच आकडा समोर येतो. सकाळचा वेग आणि दुपारचा वेग, दोन्ही एकाच सूत्रात बसले. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. स्मृती स्वस्त झाल्यावर यंत्रांत गरजेपेक्षा मोठे बफर, म्हणजे पॅकेटे थांबवून ठेवण्याच्या जागा, बसवले गेले आणि पॅकेट टाकून देण्याऐवजी ते ताटकळत ठेवले जाऊ लागले. व्हिडिओ कॉल तुटण्याचे कारणही हेच: बोलण्याची पॅकेटे चित्रफितीच्या पॅकेटांमागे अडकत.

स्थिरचित्रांचे कोडे

फोल्डरमध्ये ५,००० चित्रे, प्रत्येकी सुमारे ३०० किलोबाइट, एकूण दीड गीगाबाइट. पूर्ण वेगाने हे पाऊण मिनिटाचे काम. पण डाउनलोड करणारा प्रोग्राम प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी उघडत होता आणि एक संपल्यावरच दुसरे घेत होता. जोडणी जुळवायला ये-जाची एक फेरी, गुप्तलेखनाच्या बोलणीला एक फेरी, आणि मग टीसीपीची बिचकत होणारी सुरुवात: पहिल्या फेरीत फक्त दहा पॅकेटे, पुढे दर फेरीला दुप्पट. ३०० किलोबाइट संपायला अशा पाच फेऱ्या लागतात. सात फेऱ्या, प्रत्येकी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे चित्रामागे १.४ सेकंद, पाच हजारांना ७,००० सेकंद, जवळजवळ दोन तास. यात प्लॅनच्या वेगाचा आकडा कुठेच येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

एक गीगाबिटचा प्लॅन हा पर्याय आता पुन्हा तपासला. त्याने डाउनलोडच्या विंडोत काहीच फरक पडला नसता. मात्र त्या प्लॅनमध्ये अपलोडही जास्त होते, त्यामुळे दुपारची रांग लवकर रिकामी होऊन कॉल थोडे सुधारले असते आणि दुपारचे डाउनलोडही काहीसे सावरले असते. माझ्या मते या पर्यायाचा खरा धोका हा होता: तो अर्धवट यशस्वी झाला असता, सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि मूळ कारणे जिथल्या तिथे राहिली असती.

सेवापुरवठादार बदलून ये-जा वेळात थोडा फरक पडू शकतो, कारण प्रत्येकाचे मार्ग वेगळे असतात. पण २०० चे १८० झाले, तरी २.६ चे २.९ होतील. त्यासाठी जोडणी बदलण्याची उठाठेव कोणालाच पटली नाही. व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारी खासगी वाट, वापरून पाहावा अशीही एक सूचना आली होती. मार्ग खरोखर वाकडा असेल तेव्हा तिचा उपयोग होतो. इथे तसे दिसले नाही.

जवळच्या एखाद्या साठवणसेवेवर फायलींची प्रत ठेवावी, हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नेटका उपाय होता. अंतरच कमी झाले, की विंडोचा प्रश्न आपोआप विरतो. परंतु कच्चे चित्रीकरण तिसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर ठेवायला ग्राहकाच्या करारात मनाई होती आणि त्या अटीला धक्का लावण्याची संचालिकांची तयारी नव्हती.

उरले दोन मार्ग. फाइलचे तुकडे करून ते समांतर उतरवणारा प्रोग्राम वापरणे, जे संस्थेच्या हातात होते. आणि ग्राहकाला त्याच्या सर्व्हरमधली मर्यादा काढायला सांगणे, जे संस्थेच्या हातात नव्हते. तिसरा निर्णय इथे झाला: दोन्ही करायचे, पण पहिल्याला तात्पुरती सोय मानायचे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर अनेक जोडण्या उघडणे म्हणजे तिथल्या इतर वापरकर्त्यांपेक्षा मोठा वाटा ओढणे असते, आणि ग्राहकाने तसा आक्षेप घेतला असता, तर तो रास्तच ठरला असता.

प्रत्यक्ष केलेले बदल

दुपारच्या खोळंब्यासाठी संस्थेने आपला वेगळा राउटर बसवला, ज्यात एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत होती. सेवापुरवठादाराचे यंत्र केवळ पूल म्हणून, माहिती पुढे सरकवण्यापुरते, ठेवले. अपलोडवर ३० ऐवजी २७ एमबीपीएसची मर्यादा घातली. स्वतःहून वेग कमी करणे संचालिकांना चमत्कारिक वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी साठते. ती जागा दुसऱ्याच्या यंत्रात असेल, तर तिथे आपली शिस्त चालत नाही. आपल्या राउटरला मुद्दाम किंचित अरुंद केले, की रांग आपल्या दारात येते आणि मग कॉलच्या छोट्या पॅकेटांना पुढे सोडता येते.

समांतर प्रोग्राममध्ये आठ जोडण्या ठेवल्या. स्थिरचित्रांबाबत ग्राहकाला फक्त एवढीच विनंती केली, की फोल्डर एका संग्रहफाइलमध्ये बांधून ठेवावा. वाय-फायवरचे लॅपटॉप २.४ गीगाहर्ट्‌झ पट्ट्यावरून ५ गीगाहर्ट्‌झवर नेले. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या सर्वांचे राउटर त्यांतच कोंबलेले होते.

ग्राहकाला पाठवलेल्या पत्राची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पहिल्या पत्रात वेग फार कमी मिळतो एवढेच लिहिले होते. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले: आमचा सर्व्हर दहा गीगाबिटच्या जोडणीवर आहे, दोष तुमच्या बाजूला असावा. दुसऱ्या पत्रात वेगाबद्दल एकही विशेषण नव्हते. ये-जा वेळ, एका जोडणीचा वेग, दोन जोडण्यांचा, चार जोडण्यांचा, सपाट आलेखाचे चित्र आणि शेवटी गुणाकार: २.६ गुणिले ०.२, म्हणजे साधारण ५१२ किलोबाइट. हा आकडा आपल्याकडच्या कोणत्या सेटिंगमध्ये आहे का, ते कृपया पाहावे. हे पत्र मदतकक्षातून थेट सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे गेले, आणि फायली पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पाठवण्याचा बफर, म्हणजे पोच येईपर्यंत माहिती धरून ठेवण्याची जागा, नेमका तेवढाच ठरवून दिलेला सापडला. सर्व्हरवरची लिनक्स ही संगणकप्रणाली हा बफर गरजेप्रमाणे स्वतः वाढवते. पण प्रोग्रामने आपला आकडा सांगितला, की ती आपोआप होणारी वाढ बंद होते. एके काळी उदार वाटलेला आकडा नंतर कुलूप होऊन बसला होता. ती ओळ काढून टाकली गेली.

परिणाम

समांतर प्रोग्रामने पहिल्याच दिवशी २०.८ मेगाबाइट दिले आणि ४० गीगाबाइटची फाइल ३२ मिनिटांत उतरली. सर्व्हरची सेटिंग बदलल्यावर एकाच जोडणीचा वेग २८ ते ३३ मेगाबाइटांच्या दरम्यान हलू लागला आणि तीच फाइल २० ते २४ मिनिटांत येऊ लागली. आलेखाला आता करवतीचे दाते दिसू लागले, आणि ते पाहून काळजी वाटलेल्या संपादकाला सांगावे लागले, की ही प्रकृती ठीक असल्याची खूण आहे: आता मर्यादा ठरवत आहे ती वाट. सुधारलेल्या केबलचे चीजही इथेच झाले, कारण जुन्या दुव्यावर हा वेग १२ च्या पुढे सरकलाच नसता.

अपलोड चालू असतानाही ये-जा वेळ २१५ मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही आणि कॉल तुटण्याच्या तक्रारी थांबल्या. बांधून आलेला स्थिरचित्रांचा संग्रह मिनिटाभरात उतरतो. तो उघडायला संगणकाला त्याहून जास्त वेळ लागतो.

सगळे काही सुटले असे नाही. तयार झालेली सहा गीगाबाइटची फाइल २७ एमबीपीएसने अपलोड व्हायला अर्धा तास लागतो आणि आता साखळीतला सर्वांत हळू दुवा हाच आहे. प्लॅन बदलण्याची चर्चा म्हणून पुन्हा सुरू झाली आहे, पण यावेळी तुलना अपलोडच्या आकड्यांची होत आहे.

काय वेगळे करता आले असते

तपासाचा क्रम उलटा ठेवता आला असता. दोन फायली एकदम लावून पाहण्याला पाच मिनिटे लागतात, शिडी लागत नाही, छत उघडावे लागत नाही. ही चाचणी आधी झाली असती, तर मुख्य कारण पहिल्याच तासात कळले असते आणि केबलचे काम निवांत करता आले असते. दुसरीकडे हेही खरे, की ९४ चा आकडा समोर दिसत असताना तो बाजूला ठेवून पुढे जाणे कठीण असते, आणि केबल कधीतरी दुरुस्त करावीच लागली असती.

ग्राहकाला लिहिलेले पहिले पत्र टाळायला हवे होते. त्याने आठवडाभर वाया गेला, शिवाय समोरच्या बाजूने एक भूमिका घेतली, आणि घेतलेली भूमिका सोडायला माणसांना वेळ लागतो. मोजणी हाती नसताना तक्रार करण्यापेक्षा दोन दिवस थांबणे परवडले असते.

समांतर जोडण्यांची संख्या सर्व्हर सुधारल्यावर आठवरून दोनवर आणली गेली, पण समांतर जोडण्या उघडत असल्याचे ग्राहकाला आधी सांगितले नव्हते. आठ जोडण्या चालू असलेल्या काळात त्याच्या इतर वापरकर्त्यांवर काही परिणाम झाला का, हे विचारलेही गेले नाही. करारात याबाबत काही अट नसली, तरी एक ओळ लिहून कळवायला हरकत नव्हती.

आधीच्या स्थितीची नोंद नसणे ही मात्र सर्वांत मोठी उणीव होती. तार केव्हा सैल झाली, दुपारचा खोळंबा केव्हापासून आहे, ग्राहकाचा सर्व्हर पूर्वी वेगाने चालत होता का, यांपैकी कशाचेच उत्तर देता आले नाही. आता सहायक दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी एका तक्त्यात चार गोष्टी लिहितो: स्विचवरचा दुव्याचा वेग, स्पीड टेस्टचा निकाल, मुख्य ग्राहकाच्या सर्व्हरचा ये-जा वेळ अपलोड चालू आणि बंद असताना, आणि त्या सर्व्हरवरून एका जोडणीने मिळालेला वेग. नव्या ग्राहकाला कामाची तारीख देण्याआधीही त्याच्या सर्व्हरवरून एक गीगाबाइटची चाचणीफाइल आधी एकटी आणि मग दोनदा एकदम उतरवून पाहिली जाते, आणि वेळापत्रक त्या आकड्यांवरून ठरते.